पुन्हा अकरा वेळा

लोकांना वाटतं की दूध संघात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दूध. तसं काही नाही. पांढरमाळ तालुका दूध संघात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पासवर्ड, आणि त्याची मुदत दर साठ दिवसांनी संपते. दुधापेक्षा जास्त टिकतो, एवढंच काय ते समाधान.

संघाचा संगणक विभाग म्हणजे मी, सुधाकर टोणपे, एक टेबल, एक पंखा आणि कडेला एक जाड रजिस्टर. एकशे चाळीस माणसांचे पासवर्ड माझ्या डोक्याला ताप होते. कुणाची मुदत संपलेली असायची, कुणाला बदलायचा असायचा पण बदलता यायचा नाही, कुणी बदललेला असायचा पण आठवायचा नाही. फोन आला की मी जायचो, दुरुस्त करायचो आणि परत येऊन रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, नाव आणि कारण लिहायचो. कारणाच्या रकान्यात दहापैकी नऊ वेळा माझं एकच वाक्य असायचं: वापरणाऱ्याची चूक. ते लिहिताना मला बरं वाटायचं, हे आता कबूल करतो.

माणूस पासवर्ड टाकत असताना दुरुस्ती करणाऱ्यानं तोंड फिरवावं असा नियम आहे. मी तो पाळायचो. आमच्याकडे त्याचं लोकांना हसू यायचं. सगळ्यात जास्त हसायच्या त्या खराडे अक्का. इंदुमती खराडे, प्रयोगशाळेच्या प्रमुख, तीस वर्षं नोकरी, मला एकेरीत हाक मारणाऱ्या संघातल्या एकट्या बाई.

"तोंड कशाला फिरवतोस रे? तू काय परका हायस?" असं म्हणून त्या नवा पासवर्ड मोठ्यांदा सांगतच टाकायच्या. त्यांच्या माहेरच्या गोठ्यातल्या गायींची नावं त्या ओळीनं वापरत. कपिला झाली, तांबू झाली, मग चांदी, मग मारकी म्हणून विकलेली हरणी. दर साठ दिवसांनी मी विचारायचो, आता कुठली गाय, आणि त्या गाईबरोबर तिचा स्वभाव, तिची खोड, तिचं शेवटचं वेत सगळं ऐकायला मिळायचं.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी मानवी पडताळणीचा कायदा आला. अन्न, औषध आणि पाणी या तीन गोष्टींत शेवटचा 'पास' यंत्रानं द्यायचा नाही, पात्र माणसानं स्वतःच्या हातानं द्यायचा. टँकरच्या तोंडाशी बसवलेला शोधक दोन मिनिटांत दुधातल्या बावन्न गोष्टी मोजून पडद्यावर मांडतो, पण झडप उघडते ती अक्कांनी कळ दाबल्यावर. कायदा कुणाला आवडो न आवडो, अक्कांना आवडायचा. कारण त्या आकडे वाचायच्याच, पण त्याआधी टँकरचं झाकण उघडून वास घ्यायच्या. बावन्न गोष्टींत नसलेल्या गोष्टी त्यांच्या नाकाला कळतात, हे संघात सगळ्यांना माहीत होतं.

मग प्रश्न आला की कळ दाबणारा माणूस तोच कशावरून? पासवर्ड कुणीही कुणाला सांगतं. त्यावर उपाय म्हणून 'हातओळख' आली. प्रत्येकाची चाल वेगळी असते, लांबून पावलांवरून आपण माणूस ओळखतो, तशी बोटांचीही चाल असते. एका कळेवरून दुसऱ्या कळेवर जायला तुम्हाला किती वेळ लागतो, कुठलं बोट रेंगाळतं, कुठली कळ तुम्ही जोरात दाबता, चुकल्यावर किती वेळानं लक्षात येतं, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं की जे निघतं तो तुमचा 'हात'. शब्द चोरता येतो, हात चोरता येत नाही, अशी जाहिरात होती. नवा पासवर्ड ठेवला की तो अकरा वेळा टाइप करायचा, म्हणजे यंत्राला त्या शब्दातला तुमचा हात कळतो.

ही हातओळख आमच्याकडे आणली शैलेश उपळेकरनं. मिरजेला तंत्रनिकेतनात आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो होतो, एका डब्यात जेवलो होतो. त्यानं पुण्यात कंपनी काढली, मी पांढरमाळला चिकटलो. संघाच्या कार्यकारी संचालकांपाशी त्याच्यासाठी शब्द मी टाकला होता. माणूस माझा आहे, असं म्हणालो होतो.

यंत्र बसलं आणि वर्षभरात पासवर्डच्या तक्रारी तिप्पट झाल्या. मुदत संपलेली नसताना संपली म्हणायचं. बदलला की नमुना जुळला नाही म्हणायचं. पुन्हा अकरा वेळा टाका. पुन्हा अकरा वेळा. मी शैलेशला फोन करायचो, तो हसून म्हणायचा, नवं आहे, शिकतंय, जरा सांभाळून घे. मी सांभाळून घ्यायचो. वसुली विभागातले बाबर तर एकदा चिडून कळफलक उचलून उभे राहिले होते. त्यांना मी खाली बसवलं, चहा मागवला आणि गोड बोलून अकरा वेळा टाइप करून घेतलं. अशा कामात मी पटाईत होतो.

त्या वर्षी खंडेनवमी ऑक्टोबरच्या अठरा तारखेला, गुरुवारी आली. आमच्या संघात त्या दिवशी सकाळी दहा ते एक कुठलंही यंत्र चालत नाही. प्रयोगशाळेतल्या संगणकांचा खटका मी स्वतः बंद करतो, कळफलक काढून सभागृहात आणतो, टेबलावर ओळीनं मांडतो, त्यांच्यावर हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली जातात आणि एक वाजेपर्यंत कुणी कळेला बोट लावत नाही. टँकर आवारात थांबून राहतात. ही सुट्टी नव्हे, त्यामुळे हिची रजा कुणी टाकत नाही आणि कुठल्याही कागदावर हिची नोंद नसते. अक्कांच्या पासवर्डची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. त्या नेहमी शेवटच्या दिवशीच बदलत. पूजा होईपर्यंत कळेला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी ते सोमवारवर ढकललं, आणि एकच्या ठोक्याला, पुढचे टँकर बदली केमिस्टवर सोपवून, दसऱ्याला लेकीकडे गेल्या. त्या दुपारपासून रविवारपर्यंत त्यांनी रीतसर रजा टाकली होती.

सोमवारी सकाळी सव्वानऊला त्यांचा फोन आला.

"सुधाकर, हे बघ की काय म्हणतंय. आधी म्हणालं मुदत संपली, बदल. बदलायला गेले तर म्हणतंय, सात दिवसांच्या आत पुन्हा बदलता येत न्हाई. मी कधी बदलला रे?"

हे दोन संदेश एका वेळी येऊ शकतात. प्रयोगशाळेतला संगणक जुना आहे, तो स्वतःजवळच्या जुन्या नोंदीवरून मुदत सांगतो. मुख्य सर्व्हरला मात्र खरी तारीख माहीत असते. एकदा बदलला की सात दिवस पुन्हा बदलता येत नाही, हा नियम लोकांनी फिरून जुनाच शब्द ठेवू नये म्हणून. म्हणजे अर्थ सरळ होता, पासवर्ड गेल्या सात दिवसांत बदलला गेलेला होता. अक्का म्हणत होत्या, मी नाही बदलला. मी म्हणालो, अक्का, विसरला असाल. आणि दूध उतरवायला उशीर होतोय म्हणून फोनवरूनच सांगितलं, तात्पुरता म्हणून एक शब्द देतो, तो अकरा वेळा टाका. मग पुन्हा अकरा वेळा. त्या टाकत राहिल्या. दहा वाजता मी स्वतः गेलो, जुनी नोंद पुसली, त्यांचं काम सुरू करून दिलं आणि परत येऊन रजिस्टरमध्ये लिहिलं: खराडे मॅडम, पासवर्ड बदलून विसरल्या, वापरणाऱ्याची चूक. कोणत्या दिवशी बदलला गेला होता ते बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही.

त्याच दिवशी नऊ बत्तीसला एक टँकर पास झाला होता. त्यातलं दूध संध्याकाळी डोंगराकडच्या आश्रमशाळेत गेलं. एकतीस मुलं आजारी पडली. दुधात कीटकनाशकाचा अंश निघाला. कुणीतरी फवारणीचं पिंप धुऊन त्यात दूध भरलं होतं. शोधकाच्या बावन्न गोष्टींत ते औषध नव्हतं. तीस मुलं चार दिवसांत घरी गेली. सातवीतली एक मुलगी नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती.

टँकर पास झाला होता तो इंदुमती खराडे यांच्या नावानं, त्यांच्या पासवर्डनं आणि त्यांच्याच हातानं. जुळणी शंभरात नव्व्याण्णव.

अक्का पहिल्या दिवसापासून एकच सांगत होत्या, मी तो टँकर बघितलाच नाही, माझं यंत्रच उघडत नव्हतं. चौकशीवाल्यांनी विचारलं, नऊ बत्तीसला तुम्ही कळफलकावर टाइप करत होतात का? त्या म्हणाल्या, होय, टोणपे सांगत होता तसं टाइप करत होते. मग त्यांच्यापुढे माझं रजिस्टर ठेवलं गेलं. पासवर्ड बदलून विसरल्या. म्हणजे बाईंना स्वतः काय केलं ते आठवत नाही, असं त्यातून निघालं, आणि ते माझ्या अक्षरात होतं. त्यांना निलंबित केलं, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्या रोज सकाळी इस्पितळात त्या मुलीला बघायला जायच्या आणि मुलीचे वडील रोज त्यांना दारातून परत पाठवायचे.

चौकशी समितीनं माझ्याकडे तांत्रिक अहवाल मागितला. तो दिला की अक्कांचं काय व्हायचं ते ठरणार होतं, नोकरी आणि तुरुंग दोन्ही. मी त्यासाठी प्रयोगशाळेत बसून पहिल्यांदा सर्व्हरच्या नोंदी नीट उघडल्या. पासवर्ड बदलल्याची नोंद होती. गुरुवार, अठरा ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ठिकाण, प्रयोगशाळेचा कळफलक.

मी ती ओळ तीन वेळा वाचली आणि भिंतीवर लावलेल्या फोटोकडे बघितलं. दर वर्षी पूजेचा फोटो काढून आम्ही भिंतीला लावतो, खाली तारीख आणि वेळ छापलेली असते. अकरा वाजून बावीस मिनिटं. सभागृह, टेबलावर सगळे कळफलक ओळीनं, प्रयोगशाळेचा पहिला, त्यावर झेंडूची माळ, आणि मागे प्रसादाचं ताट घेतलेल्या अक्का. खटका मी माझ्या हातानं बंद केलेला होता. तो कळफलक कुठल्याही यंत्राला जोडलेलाच नव्हता.

तेवढ्या वेळात अक्कांच्या नावावर पाच टँकरही पास झालेले होते. आवारातला शोधक आणि झडप सर्व्हरवर चालतात, त्यांचा खटका मी बंद केलेला नव्हता. मला आठवलं, पूजा उरकून बाहेर आलो तेव्हा आवारातली रांग लहान दिसली होती. कुणीतरी देवीची कृपा म्हणालं होतं आणि आम्ही सगळे हसलो होतो.

मग मी मागं मागं गेलो. गेल्या वर्षी खंडेनवमी एकोणतीस सप्टेंबरला होती. या वर्षी अधिक महिना आल्यामुळे ती एकोणीस दिवस पुढे गेली. या वर्षीच्या एकोणतीस सप्टेंबरला, अगदी साध्या कामाच्या दिवशी, दहा ते एक या वेळात अक्कांच्या नावावर रोजच्या निम्मेच टँकर पास झाले होते. तो दिवस माझ्या लक्षात होता. रांग फाटकाबाहेर गेली होती आणि अक्का एकट्या घामाघूम होऊन म्हणाल्या होत्या की आज काय झालंय कळत नाही, संपतच नाही.

म्हणजे एरवी त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर आणखी कुणीतरी रोज निम्मे टँकर पास करत होतं, त्यांच्या नावानं, त्यांच्या हातानं. ते गेल्या वर्षीच्या नोंदींवरून शिकलं होतं, म्हणून एकोणतीस सप्टेंबरला दहा ते एक गप्प बसलं. रजा टाकली की तेही रजेवर जायचं. पण पूजेची रजा कुणी टाकत नाही आणि तिथी कशी सरकते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पासवर्डची मुदत संपली, अक्कांनी बदलला नाही, तर त्यानं स्वतःच बदलला. खंडेनवमीला कळेला बोट लावणारं आमच्या संघात माणूस नाही. एवढ्यावरून मला ते सापडलं.

मी रजिस्टर काढलं. दोन वर्षांत मुदतीच्या खोट्या तक्रारी दोनशे बारा. पहिल्या सहा महिन्यांत त्यातल्या निम्म्या प्रयोगशाळेतल्या. दोनशे बारा गुणिले अकरा, बऱ्याचदा बावीस. ते बिघाड नव्हतेच. नमुना हवा असला की यंत्र मुदत संपली म्हणायचं, आणि मी जाऊन तो मिळवून द्यायचो. दोन वर्षं ज्याला मी दुरुस्ती म्हणत होतो ती चोरीतली मदत होती.

शैलेश चौकशीसाठी पांढरमाळला आलेलाच होता. दुपारी आमच्या उपाहारगृहात त्याला गाठलं. भिंतीवरून काढून आणलेला फोटो आणि नोंदींचे कागद पुढे ठेवले. त्यानं ते बघितले, चष्मा काढला, पुसला. मला वाटलं होतं तो नाकारेल. त्यानं नाकारलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्याचं म्हणणं असं की कायदा मूर्ख आहे. यंत्र माणसापेक्षा कमी चुकतं, पण कळ माणसानंच दाबायची. टँकर तासन्तास उभे, दूध नासतंय. म्हणून त्यांनी 'सावली' तयार केली. माणसाचा हात पुरेसा शिकला की सावली त्याच्या हातानं कळ दाबते, माणसाला कळतही नाही. कार्यकारी संचालकांना हे माहीत होतं, सही होती त्यांची. एक टँकर चुकला, वाईट झालं, पण माणसाच्या हातूनही चुकला असता.

मी म्हणालो, अक्कांच्या हातून नसता चुकला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला असता.

"सुध्या, नाकाचं नाव कायद्यात कुठे आहे?" तो म्हणाला. मग जरा हळू आवाजात, जणू माझं कौतुकच करतोय असं म्हणाला, "खरं सांगू? दुसऱ्या सगळ्या ठिकाणी नमुने कमी पडले. लोक वैतागतात, अर्ध्यावर सोडून देतात. फक्त तुमच्याकडे एकही कमी पडला नाही. तू शेजारी उभा राहून करून घेत होतास ना. तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे, ते मला मिरजेपासून माहीत होतं. म्हणून तर पहिलं यंत्र तुमच्याकडे बसवलं."

एका डब्यात जेवलेला माणूस. मी त्याच्यासाठी शब्द टाकला तेव्हा त्यानं माझा हिशोब आधीच केलेला होता. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही येत होतं. दोन्ही केलं नाही.

त्यानं अहवालाचा विषय काढला. वापरणाऱ्याची चूक, एवढं एक वाक्य पुरे, बाईंची शिक्षा सौम्य होईल असं बघू, म्हणाला. मी नाही म्हणालो. तो उठला, खांद्यावर हात ठेवला.

"तुझा हात तर आम्ही सगळ्यात आधी घेतला होता. अहवाल तू नाही पाठवलास तरी पोहोचेल."

मी टेबलावर परत आलो आणि संगणकाकडे बघवेना. संघात आल्यापासूनचा माझा एकेक अहवाल मी त्या कळांवर लिहिला होता. आता तिथे बसून मी काहीही लिहिलं तरी ते माझंच आहे असं मला कुणाला पटवता येणार नव्हतं. भांडार विभागातून फुलस्केप कागद मागून आणले आणि घरी नेऊन बॉलपेननं अहवाल लिहिला. हाताला सवय राहिली नव्हती, दोन पानांत बोटं दुखायला लागली. खंडेनवमी, फोटो, खटका, एकोणतीस सप्टेंबर, दोनशे बारा तक्रारी. शेवटी लिहिलं की बावीस ऑक्टोबरची रजिस्टरमधली माझी नोंद खोटी आहे, मी न तपासता लिहिली. फोटोही कागदांबरोबर ठेवला.

समिती जिल्ह्याच्या गावी बसली होती. अहवाल खुर्चीतून पाठवायचा रिवाज, पण मी सकाळी सात चाळीसची एसटी धरली आणि साडेदहाला तिथे पोहोचलो. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश धायगुडे होते, बारीक अंगाचे, कानाला यंत्र लावलेले. एका बाजूला कार्यकारी संचालक, दुसरीकडे शैलेश, आणि भिंतीपाशी लाकडी खुर्चीत अक्का. त्या महिन्याभरात बऱ्याच खंगल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. मी आलो म्हणजे आता काळजी नाही, असं त्यांना वाटलं असावं.

धायगुडेसाहेब म्हणाले, "तुम्ही कशाला आलात? तुमचा अहवाल मिळाला की सकाळीच."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावानं, माझ्या पासवर्डनं, माझ्या हातानं आलेला अहवाल होता. जुळणी शंभरात नव्व्याण्णव. माझ्या वाक्यांची मोडणी होती, 'परिस्थिती' लिहिताना माझी नेहमी होणारी चूकही होती, आणि शेवटी माझं आवडतं वाक्य होतं. ते मी लिहिलेलं नाही हे मला माहीत नसतं तर मीच फसलो असतो. वेळ सकाळी आठ दहा, ठिकाण माझ्या टेबलावरचा कळफलक.

मी खिशातून एसटीचं तिकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. सात चाळीस, पांढरमाळ. आठ दहाला मी घाटात होतो आणि माझ्या शेजारी बसलेल्या बाई उलटी होईल म्हणून खिडकी मागत होत्या. शैलेशला वाटलं होतं, मी नेहमीसारखा खुर्चीत असेन.

धायगुडेसाहेबांनी तिकीट उजेडात धरून वाचलं. मग माझे हातानं लिहिलेले कागद मागितले आणि सगळ्यांना तसंच बसवून शेवटपर्यंत वाचले. फोटो त्यांनी खूप वेळ बघितला. झेंडूच्या माळेवर बोट ठेवून विचारलं, हाच का तो कळफलक? मी होय म्हणालो. त्यांनी तो फोटो शैलेशपुढे सरकवला. शैलेशनं खाली बघितलं. कार्यकारी संचालक पाणी प्यायले.

मग धायगुडेसाहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. बाईंकडून, आणि बाकी लोकांकडूनही, पुन्हा पुन्हा अकरा वेळा टाइप कुणी करून घेतलं?

"मी."

"कशासाठी ते माहीत होतं?"

"नव्हतं. पण मी विचारलंही नाही कधी."

अक्कांच्या खुर्चीचा आवाज झाला. मी तिकडे बघितलं नाही.

पुढचं भराभर झालं. अक्कांचं निलंबन उठलं, त्यांच्यावरचा गुन्हा मागे घेतला गेला. शैलेश आणि कार्यकारी संचालक यांच्यावर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. सावली बंद केली, असं आम्हाला लेखी कळवण्यात आलं. सातवीतली ती मुलगी घरी गेली. बरी होऊन निघाली त्या दिवशी तिच्या वडिलांनी अक्कांना दारातून आत बोलावलं, असं ऐकलं.

पण त्या दिवशी, समितीची बैठक उठल्यावर, अक्का एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. सुटलात अक्का, असं काहीतरी म्हणायचं मनात होतं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"तुला मी माझ्या गायींची नावं सांगत होते, सुधाकर," त्या म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, ते आत ऐकलं मी. गाडी आली तशी त्या पुढच्या दारानं चढल्या. मी मागच्या दारानं चढलो आणि पांढरमाळपर्यंत त्यांचा अंबाडा बघत बसलो. माझा विश्वासघात करणारा माणूस मला माहीत होता, त्याला शिव्या तरी देता येत होत्या. त्यांचा करणारा माणूस रोज शेजारी उभा राहून हसत होता, त्याचं त्यांनी काय करायचं?

त्यानंतर संघात लोक मला फोन करेनासे झाले. पासवर्ड अडला तर एकमेकांना विचारतात, नाहीतर बसून राहतात. बाबरांनी तर सांगूनच टाकलं की तुमचा चहा नको. रजिस्टरच्या कारणाच्या रकान्यात मी आता आधी तारीख तपासतो आणि मग लिहितो. लिहायला फारसं काही नसतं.

डिसेंबरच्या शेवटी प्रयोगशाळेतून फोन आला. नवा शिपाई बोलत होता, मॅडमनी बोलावलंय म्हणाला. मी गेलो. अक्का टँकरवरून नुकत्याच उतरल्या होत्या, हाताला दुधाचा वास होता. पडद्यावर मुदत संपल्याचा संदेश होता. मी नोंद तपासली. या वेळी मुदत खरोखरच संपलेली होती, साठ दिवस पूर्ण झाले होते. जुनी नोंद आड येत होती, ती मी पुसली. नवा पासवर्ड टाकायची चौकट उघडली.

मी सवयीनं कळफलक त्यांच्याकडे सरकवला आणि शेजारी उभा राहिलो. त्यांनी बोटं कळांवर ठेवली आणि थांबल्या.

"टोणपे," त्या म्हणाल्या, "जरा तोंड फिरवता का?"

मी तोंड फिरवलं. समोर भिंत होती, भिंतीवर फोटोच्या जागी नुसता खिळा होता. या वेळी कुठली गाय, हे मी विचारलं नाही. मागे कळा वाजत होत्या, एकदा, दोनदा, मोजत गेलो तर अकरा वेळा. मग थांबल्या. टँकरच्या रांगेत कुणीतरी भोंगा वाजवला, अक्कांची खुर्ची सरकली, झाकण उघडायला त्या बाहेर गेल्या. आता वळा, असं त्यांनी मला सांगितलं नाही.